सेन्सेई, तुमचा सूट आला होता

सेन्सेई, तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी टोकियोच्या वर्तमानपत्रांत एकदम शूर झालात. कोणी तुम्हाला पक्षाची सदसद्विवेकबुद्धी म्हटलं, कोणी उदारमतवाद्यांचा शेवटचा आधार. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर हे वाचत होते आणि मला हसू फुटलं. माझा मुलगा निनाद खोलीतून ओरडला, "आई, व्हाय यू लाफिंग?" काय सांगणार त्याला? मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमच्याकडे म्हणतात. ही म्हण मी तुम्हाला कधी शिकवली नाही. तुम्ही जिवंत होता तोवर मला आशा होती ना, की दूध खरंच निघेल म्हणून.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ओ की ठो कळणार नाही. बरंच आहे. जपानीत मला तुमच्यावर धड रागावता आलं नाही. त्या भाषेत तुमच्यासमोर बसलं की आधी मान खाली जाते आणि मग तोंड उघडतं. इंग्रजीचं तर विचारूच नका, इंग्रजीत मी तुम्हीच होते. दुभाष्याचं कामच तसं. तुम्ही जपानीत म्हणायचात, 'मी मंत्री असताना', आणि मग मी, पुण्याची मेधा, काळा कोट घालून माइकसमोर उभी राहून इंग्रजीत म्हणायची, 'मी मंत्री असताना'. 'ते म्हणतात की' असं आमच्या धंद्यात म्हणायचं नसतं. इतकी वर्षं तुमच्या वतीने बोलले. आज माझ्या वतीने बोलते, जरा ऐकून घ्या.

जपानमध्ये शिक्षकाला सेन्सेई म्हणतात, डॉक्टरला म्हणतात आणि खासदारालाही म्हणतात. तुम्ही तिसऱ्या जातीचे. राजकारण संपल्यावर इथे, या बेटावरच्या शहरात, मुलीकडे राहायला आलात. युकिकोचा कॉन्डो मरीन परेडला, आमचा सरकारी एचडीबीचा फ्लॅट रस्ता ओलांडून पलीकडे. माझा नवरा मिलिंद जुरोंग आयलंडवर रिफायनरीत, मी पुण्यात टिळक रोडवरच्या क्लासात शिकलेल्या जपानीवर इथे पोट भरणारी. इथल्या एका विद्यापीठाने तुम्हाला व्याख्यानांना बोलावलं, युकिकोने मला शोधलं, आणि आपली जोडी जमली. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'मेधा-सान' म्हणायला लागलात. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा इतक्या आदराने कधी हाक मारली नव्हती.

सुरुवातीलाच एक मेजवानी होती, आठवते? मोठी गोल टेबलं, एकावर एक पदार्थ येताहेत, आणि मी नेहमीप्रमाणे तुमच्या खांद्यामागे स्टुलावर बसलेली. दुभाष्याला ताट नसतं. घास तोंडात असताना बोलता येत नाही, आणि पाहुणे तर सारखेच बोलत असतात. म्हणून आम्ही घरून खाऊन निघतो आणि समोरच्या वासावर पाणी पितो. तुम्ही मान वळवून हळूच विचारलंत, "मेधा-सान, तुम्ही जेवलात?" मी नियम सांगितला.  थोड्या वेळाने तुम्ही यजमानांना म्हणालात, "माफ करा, माझे दात म्हातारे झाले आहेत. हे चावून होईपर्यंत मी गप्प बसणार." आणि टोफूची बशी माझ्याकडे सरकवलीत. अख्खं टेबल तुमच्या दातांसाठी थांबलं आणि मी जेवले. त्यानंतर प्रत्येक मेजवानीत तुमचे दात ऐनवेळी म्हातारे व्हायचे. खोटारडे कुठले! मी पुण्याहून आणलेली चिक्की तुम्ही कडाकड फोडून खायचात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे मी विसरणार नाही. इतक्या साहेबांसाठी बोलले, पण दुभाष्यालाही पोट असतं हे तुमच्याआधी एकालाही सुचलं नव्हतं. पण आता मागे वळून बघताना वाटतं, अहो, तेसुद्धा तुम्ही सबबीआडूनच केलंत. 'ही बाई उपाशी आहे, तिला वाढा,' एवढं सरळ वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. त्यासाठी दात म्हातारे करावे लागले.

तुमचं सगळं राजकारणच तसं. सकाळी ईस्ट कोस्टला समुद्रकाठच्या बाकावर आपण बसायचो, तुमच्या हातात दोरीच्या पिशवीतली कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, आणि तुम्ही मला जुन्या गोष्टी सांगायचात. बर्फाळ गावातलं बालपण. डॉक्टर असलेले वडील, जे लढाईवरून परत आले आणि त्याबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मग तुमची पहिली निवडणूक, गुडघाभर बर्फातून दारोदार. तुम्ही विरोधी पक्षात गेला नाहीत, मोठ्या पक्षातच शिरलात. "घर बदलायचं तर आत राहावं लागतं," असं म्हणायचात. आत राहिलात, मंत्री झालात. शाळेच्या पुस्तकातून युद्धाबद्दलचा एक परिच्छेद काढून टाकायचा घाट तुमच्याच लोकांनी घातला, तो तुम्ही अडवलात. कसा? 'नाही' म्हणून? छे! फाइल पुन्हा पुन्हा तपासणीला धाडत राहिलात. ती येतेय, तुम्ही परत पाठवताय. शेवटी सरकारच पडलं आणि परिच्छेद वाचला. हे सांगताना तुम्ही काय खूश असायचात! मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दुसऱ्या गोष्टीवरून आपलं भांडण झालं आणि ते मिटलं नाही. लष्कराबद्दलच्या त्या विधेयकाला तुमचा मनापासून विरोध होता. मतदानाच्या वेळी तुम्ही काय केलंत? उठून सभागृहाबाहेर गेलात.

"विरोधात मत का नाही दिलंत?" मी विचारलं.

"मेधा-सान, आमच्याकडे आपल्याच पक्षाच्या मतदानातून उठून जाणं म्हणजे आरडाओरडा करण्यासारखं असतं. सगळ्यांना कळतं."

"आमच्याकडे त्याला पळ काढणं म्हणतात."

मिलिंद ऐकत असता तर त्याने टेबलाखालून पाय मारला असता. तुम्ही मात्र हसलात आणि म्हणालात, तुमची भाषा फार सरळ आहे. मग मी तुम्हाला तळ्यात-मळ्यात शिकवलं. वाळूत रेघ मारली, अलीकडे मळा, पलीकडे तळं, आणि उड्या मारून दाखवल्या. माझ्या वयाची बाई उड्या मारतेय म्हणून सायकलवाले बघत होते. तुम्हाला तो खेळ भलताच आवडला. "माझं चरित्र कोणी लिहिलं तर हेच नाव द्या," म्हणालात. पुढे कित्येक दिवस फोनवर पहिला प्रश्न, "आज तळ्यात की मळ्यात?" मी हसायचे. आज ते आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात.

आणखी एक सांगायचात. "तुमच्या इंग्रजीत मी जास्त धीट वाटतो." मला राग यायचा. मी पदरचं काही घालत नाही, सेन्सेई, एक शब्दसुद्धा नाही. तुम्ही म्हणायचात, माहीत आहे, पण तुमच्या आवाजात ते धीट वाटतं. ती स्तुती होती की कबुली, हे विचारायचं राहून गेलं.

बाबा गेले तेव्हाचं सांगते. विमानं बंद होती ते दिवस. पुण्यात भावाने सगळं उरकलं आणि मी इथे फोनवर बघितलं. दुसऱ्या दिवशी मास्क लावून बाकाच्या एका टोकाला बसले, तुम्ही दुसऱ्या टोकाला. मी सांगितलं. तुम्ही बाबांचं नाव विचारलंत, दोनदा म्हणून घेतलंत, मग विचारलंत, पुणे कुठल्या दिशेला? मी समुद्राकडे बोट केलं. आपल्याला सवय असते ना, देश समुद्रापलीकडे. तुम्ही म्हणालात, नाही, समुद्र दक्षिणेला आहे, भारत आपल्या मागे आहे. आणि उठलात, समुद्राकडे पाठ केलीत, उंच इमारतींच्या रांगेकडे तोंड करून कमरेतून वाकलात. किती वेळ तसेच होतात! धावणारे लोक वळून वळून बघत होते. तुम्हाला कोणाची पर्वा नव्हती. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

माझ्या बाबांपुढे तुम्ही चारचौघांत वाकलात, सेन्सेई. कोणी बघतंय का, हे पाहिलं नाहीत. मग आंटी लिमच्या बापाच्या वेळीच काय झालं तुम्हाला?

आंटी लिम आमच्या मजल्यावरची. निनाद लहान असताना माझ्या कामाच्या दिवशी तिच्याकडेच असायचा. त्याचं अर्धं इंग्रजी तिचं आहे आणि वाक्याच्या शेपटीला चिकटणारं 'लाह' तर सगळंच तिचं आहे. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली, आता ऐंशी पार केलेली, पण बाजाराची पिशवी दुसऱ्याला उचलू देणार नाही. युद्धात तुमच्या देशाच्या सैन्याने हे शहर घेतलं तेव्हा ती आईच्या कडेवर होती. चिनी पुरुषांना घराबाहेर बोलावलं. तिचा बाप शिंपी. गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच ठेवून बाहेर गेला, लगेच येतो म्हणाला. अख्ख्या गल्लीसमोर त्याला लॉरीत चढवलं. लॉऱ्या समुद्राकडे गेल्या. ती पट्टी गळ्यात होती, एवढंच आंटीला आठवतं, चेहरा आठवत नाही. ज्या किनाऱ्यावर आपण बसून कोपी प्यायचो, तिथून थोडं पुढेच कुठेतरी.

मी हे तुम्हाला त्याच बाकावर सांगितलं. मग काही आठवड्यांनी तुमचं ते मोठं व्याख्यान ठरलं. इतिहास आणि आठवण, असा काहीसा विषय होता. दुभाष्याला भाषण आधी देतात, तयारी करता यावी म्हणून. तुम्ही तुमच्या हातचं लिहिलेलं दिलंत. मधोमध एक परिच्छेद होता. 'या शहरात माझ्या देशाच्या सैन्याने निरपराध माणसं मारली. सरकारांनी निवेदनं काढली, त्यांचे मसुदे घासून गुळगुळीत करण्यात माझाही हात होता. मी खुर्चीवर असताना माझ्या तोंडाने साधं बोलू शकलो असतो. बोललो नाही. आज बोलतो. मी माफी मागतो.' बाकावर आपण त्याची तालीम केली. दर वेळी 'आज बोलतो'ला तुमचा आवाज चिरकायचा. मी म्हटलं, हरकत नाही, चिरकू दे.

आणि मग तुम्हीच म्हणालात, "त्या शेजारणीला घेऊन या. पहिल्या रांगेत बसवा." मी नव्हते म्हणाले. तुम्ही म्हणालात.

आंटीने मला दारातच विचारलं, "तो बोलणार? शुअर ऑर नॉट?"

"त्यांनी लिहिलंय, आंटी. मी वाचलंय."

"लिहिणं वेगळं, लाह." पण आली. आईची जेडची बांगडी घालून आली. तिच्या हाडकुळ्या मनगटावरून ती कोपरापर्यंत मागे जात होती.

सभागृह भरलं होतं. दुसऱ्या रांगेत वकिलातीतले लोक आणि त्यांच्या शेजारी टोकियोहून आलेला तुमचा शिष्य. तुमच्या मतदारसंघातून तो तेव्हा पहिल्यांदाच निवडणुकीला उभा राहणार होता. तुम्ही छान बोलत होता. तुम्ही बोलायचं, थांबायचं, मग मी. तो परिच्छेद आला. तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात, दोन घोट घेतलेत, समोर बघितलंत. पहिल्या रांगेकडे नाही, दुसऱ्या. आणि पान उलटून पुढच्या मुद्द्यावर गेलात. बाहेर गेलात तुम्ही, सेन्सेई, भर सभागृहात उभं राहून बाहेर गेलात!

माझ्या हातात त्या परिच्छेदाचं इंग्रजी तयार होतं. घोटून पाठ झालेलं. तुम्ही थांबलात आणि माझी पाळी आली. दुभाष्याचा पहिला नियम, जे बोललं गेलं तेवढंच. मी तेवढंच बोलले. माझा आवाजही हलला नाही. त्या दिवशी मला माझ्या धंद्याची शिसारी आली.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. आंटी बसूनच होती. "फिनिश ऑलरेडी?" तिने विचारलं.

"हो, आंटी."

"ओह." बांगडी मागे सरकवली. "कॅन गो होम, देन."

टॅक्सीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मी तोंड फिरवून बसले होते. तुम्ही म्हणालात, "त्या मुलाची निवडणूक आहे. माझ्या एका वाक्याने तो पडला असता. मग आत कोण राहणार, मेधा-सान? प्रत्येक गोष्टीला योग्य वेळ यावी लागते."

"ती ऐंशीच्या पुढे गेलीय," मी म्हटलं. "तुम्ही काय विशीत आहात? दोघंही मेल्यावर येणार का ती वेळ?"

जपानीत बोलले, पण त्यात अदब-बिदब काही नव्हती. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मरीन परेडला उतरताना तुम्ही नेहमीसारखे वाकलात, मी वाकले नाही.

मग मी तुमचं काम सोडलं. युकिकोचे फोन आले, मी दुसरीकडे आहे म्हणाले. बाक चुकवून दुसऱ्या रस्त्याने फिरायला जायला लागले. तुमचा शिष्य निवडून आला, ते बातम्यांत पाहिलं. मिलिंद म्हणायचा, "अगं, इतकं काय मनाला लावून घेतेस? पुढारीच तो. पुढाऱ्याकडून काय अपेक्षा?" मला हेच तर झोंबायचं. पुढाऱ्यांकडून मी कधीच काही अपेक्षा केली नाही. खऱ्या दातांना खोटं म्हातारं करणाऱ्या माणसाकडून केली होती.

मग युकिको एक दिवस दारातच उभी राहिली. बाबा नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये आहेत, फार दिवस नाहीत, तुम्हाला बोलावताहेत. मी गेले. तुम्ही उशीला टेकून बसला होता, इतके लहान झालेले की मला क्षणभर ओळख पटली नाही. तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत. "आंटी लिमना इथे आणाल का? मला त्यांच्यासमोर ते बोलायचं आहे. फक्त त्या आणि तुम्ही. शेवटचं काम समजा."

मी धावतच आले, सेन्सेई. राग कुठल्या कुठे गेला. आंटी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुगाच्या मोडांची शेपटं खुडत बसली होती. इथल्या बायका नूडल्सात घालायच्या आधी ते मोड एकेक करून साफ करतात. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"खोलीत?" ती म्हणाली. "तो, मी आणि तू?"

"हो."

"माझ्या बापाला खोलीतून गुपचूप नाही नेलं. अख्ख्या गल्लीसमोर लॉरीत चढवला. सगळे दारांतून बघत होते. आणि सॉरी म्हणायला बंद खोली? नो, लाह." शेपटी खुडली, टाकली. "त्याला सांग, बाहेर ये."

"आंटी, त्यांना उठता येत नाही."

"जेव्हा येत होतं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते."

मी परत नोव्हेनाला आले. युकिको खिडकीपाशी उभी होती. मी तुमच्या पलंगाजवळ बसले आणि आंटीचं बोलणं जपानीत तुम्हाला सांगितलं. आंटीचा 'मी' माझ्या तोंडातून. माझ्या बापाला खोलीतून गुपचूप नाही नेलं. एक शब्द मऊ केला नाही. मरणाऱ्या माणसासमोर असं बोलतात का, असं कोणी विचारेलही. पण काही गाळणं मला आता शक्यच नव्हतं. गाळणं काय असतं, हे मी तुमच्याकडून बघितलं होतं.

तुम्ही डोळे मिटलेत. "काही सौम्य तर केलं नाहीत ना?"

"नाही."

"बरोबर आहे त्यांचं," तुम्ही म्हणालात. 

मग मीच बोलले. दुभाष्याने स्वतःहून बोलायचं नसतं, तरी बोलले. "सेन्सेई, बाहेर येता येईल. फोन आहे माझ्याकडे. चार वाक्यं बोला, मी रेकॉर्ड करते. सगळे बघतील." तुमच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं, अगदी खरं सांगते, मी पाहिलं. तुम्ही केसांवरून हात फिरवलात. दाढी वाढली होती. हॉस्पिटलचा तो निळा सदरा खाली ओढलात.

"असा नको," म्हणालात. "अशा कपड्यांत माफी मागणं म्हणजे त्यांचा अपमान. युकिको, काळा सूट आण. पांढरा शर्ट. न्हाव्यालाही बोलाव." आणि माझ्याकडे वळून, "उद्या, मेधा-सान."

'आत्ता, सदऱ्यातच,' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुमच्याकडची रीत मला माहीत आहे. माफी मागणारा माणूस काळ्या सुटात येतो, नीट विंचरून येतो, वेळ आधी ठरवून येतो. इतक्या जणांच्या वतीने मी ती रीत पार पाडलीय की मलाही वाटलं, बरोबर आहे, उद्या. फोन पर्समध्ये ठेवला.

सूट आला, सेन्सेई. युकिकोने तो इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगला होता. मी पोचले तेव्हा न्हावी बाहेर बाकावर बसला होता आणि आतून नर्सेस घाईघाईने ये-जा करत होत्या. तुम्ही पुन्हा शुद्धीवर आला नाहीत. सूट अंगावर चढवला, पण बोलण्यासाठी नाही. शर्ट पांढराशुभ्र होता, केस नीट विंचरले होते, आणि तोंड बंद.

मागच्या शनिवारी तुमची शोकसभा झाली. इथेच, छोट्या हॉलमध्ये, तुमच्या फोटोला पांढरी फुलं. काम मलाच मिळालं. तुमचा शिष्य, आता खासदार, टोकियोहून आला होता. त्यालाही लोक आता सेन्सेई म्हणतात. तो म्हणाला, "माझे गुरू सत्यासमोर कधीही गप्प बसले नाहीत." थांबला. माझी पाळी. मी माइकसमोर म्हटलं, 'माझे गुरू सत्यासमोर कधीही गप्प बसले नाहीत.' आणि मागच्या रांगेत मला आंटी लिम दिसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

शेवटी युकिको माझ्याजवळ आली. पाहुण्यांकडे पाठ करून हळूच म्हणाली, "मेधा-सान, तुम्हीही दोन शब्द बोला. बाबांच्या वतीने नको. तुमचे." आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं. त्या खोलीत तीही होती.

आमच्या धंद्यात एक नियम सगळ्यांच्या वर आहे. खोलीत ऐकलेलं खोलीतच राहतं. तो मोडला की काम संपलं. इथे जपानी दुभाषे मोजकेच, बातमी दुपारच्या आत सगळीकडे जाते. मिलिंदच्या एकट्याच्या पगारात भागेल का, हा विचारही त्या क्षणी मनात आला, आला नाही असं कशाला म्हणू? मी माइक हातात घेतला.

सांगितलं. एक परिच्छेद होता. सेन्सेईंनी तो स्वतः लिहिला, माझ्यासमोर त्याची तालीम केली, आणि या शहरात, भरल्या सभागृहात, पान उलटलं. मग मरताना तो बंद खोलीत बोलायचा म्हणाले, आणि ज्यांना ऐकवायचा होता त्यांनी नकार दिला. मग उद्या बोलतो म्हणाले. तो परिच्छेद मी शब्दशः सांगितला, आधी जपानीत, मग इंग्रजीत. तुमच्या वतीने माफी मागितली नाही. ती तुमची होती, तुमच्याबरोबर गेली. मी फक्त एवढंच सांगितलं की ती होती.

शिष्य उठला आणि बाहेर निघून गेला. तुमचाच शिष्य तो! वकिलातीतले लोक जमिनीकडे बघत राहिले. युकिको उभी राहिली आणि मागच्या रांगेच्या दिशेने वाकली, कमरेतून, बराच वेळ. सोमवारपासून माझा फोन वाजलेला नाही, आणि तो वाजेल असं मला वाटतही नाही. जाऊ दे खड्ड्यात.

तुमच्यावरचा राग गेला असेल, असं समजू नका. गेलेला नाही. तुम्ही भेकड होता असं म्हणून मोकळं व्हावं, तर ती टोफूची बशी मध्ये येते, पुण्याकडे तोंड करून वाकलेली तुमची पाठ मध्ये येते. आणि चांगला माणूस होता म्हणावं, तर पाण्याचा ग्लास. तुमच्यासारख्यांचं हेच वाईट. वाईट माणसावर पाणी सोडता येतं, तुमची मात्र वाट बघत बसावं लागतं.

सगळे गेल्यावर आंटी फोटोजवळ आली. चष्मा पुसून तुमच्याकडे नीट बघितलं. फोटोतही तोच काळा सूट.

"खरंच लिहिलं होतं त्याने? स्वतःच्या हाताने?"

"हो, आंटी."

"मग बोलला का नाही?"

इतक्या वर्षांची सवय. मी शेवटचं तुमच्या वतीने उत्तर दिलं. "योग्य वेळेची वाट बघत होतो."

आंटीने बांगडी कोपराकडे सरकवली, पिशवी उचलली. मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला केला.

"मी पण, लाह," ती म्हणाली. "मी पण वाट बघत होते."